निर्लेखनाआधीची यादी

सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तके बाद करण्याची एक ठरलेली रीत आहे. जीर्ण झालेल्या, पाने गळालेल्या आणि वर्षानुवर्षे कोणी घरी न नेलेल्या पुस्तकांची यादी करायची, ती कार्यकारी मंडळापुढे ठेवायची, ठराव मंजूर करून घ्यायचा आणि दाखलनोंद वहीत त्या त्या क्रमांकापुढे शेरा मारायचा. याला निर्लेखन म्हणतात. दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात जुन्या पुस्तकांनी भरलेली दोन लोखंडी कपाटे अशा निर्लेखनासाठी बाजूला काढून ठेवली होती. मंडळाचे म्हणणे अगदीच गैरवाजवी होते असे मी म्हणणार नाही. जागा अपुरी होती, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलांना टेबले हवी होती, आणि त्या कपाटांतले पुस्तक मागणारा माणूस कित्येक वर्षांत आलेला नव्हता. वाचनालयाचा तरुण ग्रंथपाल मला म्हणाला, “सर, यायले कोनी हातच लावत नाही. ठेवून का फायदा?”

मी तालुक्याच्या महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून नोकरी करून निवृत्त झालो आहे. मंडळाकडे मी एवढीच विनंती केली, की बाद करायची ती करा, पण प्रत्येक पुस्तक एकदा हाती घेऊन त्याचे नीट वर्णन लिहून होईपर्यंत थांबा. मंडळाने ते मान्य केले. ते काम कसे झाले आणि त्यातून काय हाती आले, ते इथे सांगतो, कारण विदर्भातल्या कितीतरी गावांत अशी कपाटे आजही उभी आहेत.

मराठीत जुन्या पुस्तकाची ओळख पटवायची तर पहिला आधार शंकर गणेश दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीचा. १८०० ते १९३७ या काळात छापलेल्या मराठी पुस्तकांची नोंद त्यांनी पहिल्या भागात केली आणि १९३८ ते १९५० या वर्षांची दुसऱ्या भागात. एखाद्या संस्थेला अनेक माणसे लावून करावे लागेल असे हे काम त्यांनी मुख्यतः स्वतःच्या जिद्दीवर तडीस नेले, आणि त्याचे महत्त्व जो कोणी जुन्या पुस्तकांत काम करतो त्याला रोज नव्याने पटते. मात्र सूचीतली नोंद पुस्तकाची असते, आपल्या हातातल्या प्रतीची नसते. ती प्रत कुठून आली, कोणी विकली, कोणी विकत घेतली, तिची कोणती पाने गेली, हे सूचीत सापडणार नाही. गावच्या वाचनालयातल्या प्रतीचे खरे मोल तिथेच आहे, असे माझे मत या कामानंतर पक्के झाले.

पावसाळा संपून हवा कोरडी झाल्यावर आम्ही कपाटे उघडली. पुस्तके वाचनालयाच्या ओसरीत सतरंजीवर सावलीत पसरली. उन्हात पसरायची नाहीत, हे मी ग्रंथपालाला आणि मदतीला आलेल्या मुलींना पुन्हापुन्हा सांगितले, कारण ओल जाते ती वाऱ्याने, आणि जुना कागद उन्हात आणखी ठिसूळ होतो. रंगाऱ्याच्या मऊ कुंचल्याने कण्याकडून बाहेरच्या कडेकडे धूळ झाडायची, कसरीने खाल्लेली पुस्तके वेगळी ठेवायची, आणि जिथे वाळवीची माती दिसेल तिथे ते पुस्तक ताबडतोब बाकीच्यांपासून दूर न्यायचे, एवढाच नियम. पूर्वी कोणीतरी सद्भावनेने फाटक्या पानांवर चिकटपट्टी लावली होती. तिचा डिंक पिवळा पडून अक्षरांत उतरला होता आणि पट्टी मात्र सुटून आली होती. फाटलेले पान तसेच कागदाच्या घडीत ठेवावे, पण चिकटपट्टी कधी लावू नये.

झाडताना कागदाकडे लक्ष गेल्याशिवाय राहत नाही. सगळ्यांत जुनी पुस्तके सगळ्यांत वाईट स्थितीत असतील अशी मुलींची समजूत होती, आणि प्रत्यक्षात उलटे दिसले. चिंध्यांच्या लगद्यापासून हाताने केलेला कागद दीडशे वर्षांनंतरही लवचिक राहतो. शेजारच्या अकोला जिल्ह्यातले बाळापूर एके काळी अशाच हातकागदासाठी ओळखले जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला, त्याला तुरटी आणि राळ यांची खळ असे, आणि त्यातल्या आम्लाने कागद आतूनच जळत जातो. पानाचा कोपरा दुमडला की तो हातात येतो. दुसऱ्या महायुद्धात कागदावर नियंत्रण आले तेव्हाची पुस्तके तर वेगळी ओळखावी लागतच नाहीत. कागद करडा, अक्षर बारीक आणि समास जवळजवळ नाहीसा. आमच्या कपाटांत सगळ्यांत जास्त गळालेली पुस्तके १९४० च्या दशकातली निघाली.

नोंदीला सुरुवात शीर्षकपृष्ठापासून करायची. १८६७ चा २५ वा कायदा इथे फार उपयोगी पडतो. छापखाने आणि पुस्तके यांच्या नोंदणीच्या या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव, छपाईचे ठिकाण, प्रकाशकाचे नाव आणि प्रकाशनाचे ठिकाण छापणे बंधनकारक केले, आणि पुस्तकाच्या प्रती सरकारात दाखल करायला लावल्या. सरकारचा हेतू छापील मजकुरावर नजर ठेवण्याचा होता, हे उघड आहे. पण त्या नजरेमुळेच आज आपल्याला हजारो पुस्तकांचे जन्मठिकाण कळते. जुन्या पुस्तकांवर “सन १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे रजिस्टर केले आहे” अशा अर्थाची ओळ दिसते ती यामुळे. १८६७ पर्यंतच्या मराठी छापील पुस्तकांना अभ्यासक दोलामुद्रिते म्हणतात. आमच्याकडे त्यांतले एकही निघाले नाही, आणि निघेल अशी माझी अपेक्षाही नव्हती. आगगाडी नागपूरपर्यंत पोहोचली तीच १८६७ मध्ये. मुंबईची छापील पुस्तके वऱ्हाडातल्या खेड्यापर्यंत मोठ्या संख्येने येऊ लागली ती त्यानंतर.

ठिकाणांची नावे वाचताना सावध राहावे लागते. अमरावती जुन्या छापील पानांवर उमरावती म्हणून येते आणि अचलपूर एलिचपूर म्हणून, आणि नोंद करताना पुस्तकावर जसे आहे तसेच लिहून घ्यावे, आजचे नाव पुढे वेगळे द्यावे. वर्षाचेही तसेच. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत बहुधा ७९ मिळवावे लागतात, कारण तोवर इंग्रजी वर्ष बदललेले असते. वऱ्हाड पूर्वी निजामाच्या राज्यात असल्यामुळे आपल्याकडच्या हस्तलिखित नोंदींत फसली सनही, म्हणजे महसुली वर्षही, भेटतो. त्यात ५९० मिळवायचे, आणि ते वर्ष जूनच्या सुमारास सुरू होते हे ध्यानात ठेवायचे.

ज्यांचे शीर्षकपृष्ठच गेले आहे अशी पुस्तके निम्म्याहून थोडी कमी होती, आणि निर्लेखनाच्या यादीत ती “नाव नाही” या एकाच शेऱ्याखाली आली होती. अशा पुस्तकाचा शोध पानांच्या तळाशी सुरू होतो. छापखान्यात एक मोठा ताव दोन्ही बाजूंनी छापून तीनदा दुमडला की सोळा पानांचा फर्मा होतो, आणि बांधणाऱ्याला क्रम कळावा म्हणून प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा छापलेला असतो. एक गोष्टींचे पुस्तक पान १७ पासून सुरू होत होते आणि त्या पानाच्या तळाशी २ हा आकडा होता. म्हणजे पहिला फर्मा पूर्ण गेला होता, पण त्यापुढचे पुस्तक सलग होते, आणि मधे काही गळाले आहे का हे पाहण्यासाठी प्रत्येक पान मोजायची गरज नव्हती. ३, ४, ५ असे आकडे सोळा सोळा पानांनी येत गेले. पानांच्या माथ्यावर पुस्तकाचे नाव छापलेले होतेच. दात्यांच्या सूचीत त्या नावाच्या दोन आवृत्त्या निघाल्या, दोन्हींची पृष्ठसंख्या वेगळी. आमच्या प्रतीचे शेवटचे पान शाबूत होते, त्यामुळे ती दुसरी आवृत्ती आहे हे ठरले. ज्या मुलीने हे आकडे जुळवून दाखवले ती बी. ए.ला आहे. त्यानंतर तिने बिननावाची सगळी पुस्तके आपल्याकडे मागून घेतली.

पोथ्यांचे काम सगळ्यांत जास्त वेळ घेणारे, आणि मला सगळ्यांत प्रिय. लाल बासनात बांधलेल्या आडव्या सुट्या पानांच्या सात-आठ पोथ्या होत्या. जुन्या दाखलनोंद वहीत त्यांतल्या शिवलीलामृताच्या पोथीपुढे वर्ष म्हणून शके १६४० असे लिहिले होते. हे वर्ष श्रीधरांनी ग्रंथ पूर्ण केला त्याचे आहे. ते त्यांनी शेवटच्या अध्यायात, विलंबी संवत्सर आणि फाल्गुन पौर्णिमा यांसह, स्वतःच ओवीत सांगितले आहे, आणि तो ग्रंथ जिथे जिथे छापला गेला तिथे तिथे ती ओवी आहेच. छापण्याचे वर्ष शोधायचे ते ग्रंथसमाप्तीच्या नंतर, छापणाऱ्याच्या पुष्पिकेत, म्हणजे त्याने शेवटी दिलेल्या नोंदीत. आमच्या पोथीच्या शेवटच्या पानाचा नेमका तोच भाग झिजला होता. “शके १७” एवढे वाचता येत होते, पुढचे दोन आकडे गेले होते, आणि त्याखाली “ईश्वरनाम संवत्सरे फाल्गुन” इतके शाबूत होते.

संवत्सरांची नावे साठ वर्षांनी फिरून येतात. सतराशेच्या शतकात ईश्वर संवत्सर दोनदा येते, शके १७३९ आणि शके १७९९. आता दोन्हींपैकी कोणते, याचे उत्तर छपाई देते. पोथी शिळाछापाची होती. खिळ्यांनी, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांनी, छापलेल्या पानाच्या पाठीवरून बोट फिरवले तर अक्षरांचा दाब हलकासा जाणवतो. शिळाछापाचे पान पाठीकडून गुळगुळीत असते. शिवाय खिळ्यांच्या छपाईत “क” सगळीकडे एकाच साच्याचा असतो, आणि शिळाछापात प्रत्येक “क” लेखकाच्या हातून नव्याने उतरलेला असतो, कारण तिथे लेखकाने खास शाईने लिहिलेला मजकूर दगडावर उतरवून छापतात. मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर पहिले मराठी पंचांग काढले ते १८३१ मध्ये. शके १७३९ म्हणजे १८१७-१८, तेव्हा अशी पोथी छापली जाणे शक्यच नव्हते. म्हणून शके १७९९, आणि महिना फाल्गुन असल्यामुळे इसवी सन १८७८. १८७७ नव्हे.

याच पोथीच्या वरच्या कोऱ्या पानावर मोडीत दोन ओळी होत्या. मोडी वाचणारे आता आमच्या पंचक्रोशीत फार थोडे उरले आहेत. शेजारच्या गावी एक निवृत्त पटवारी आहेत, सगळे त्यांना आबाजी म्हणतात, आणि वडिलांच्या दप्तरामुळे त्यांना मोडी चांगली येते. त्यांनी पान खिडकीकडे धरून वाचले, की पोथी बहिरमच्या जत्रेत बारा आण्यांस घेतली, पौष मास, सन १२९७ फसली. “जत्रेतली खरेदी हाय, भाऊ. तवा पोथ्या दुकानात नाही, जत्रेत भेटत,” असे ते म्हणाले. १२९७ फसली म्हणजे १८८७-८८ चा हिवाळा. सातपुड्याच्या पायथ्याची बहिरमची जत्रा आजही त्याच दिवसांत भरते. या दोन ओळींनी मला जे सांगितले ते कोणत्याही छापील सूचीत नाही: छापखान्यातून निघाल्यावर जवळजवळ दहा वर्षांनी ही पोथी वऱ्हाडातल्या एका जत्रेत विकली गेली, आणि घेणाऱ्याला तिची किंमत व तिथी लिहून ठेवण्याजोगी वाटली. नुकतीच वेचणी झालेली असते, घरात कापसाचा पैसा आलेला असतो, आणि जत्रा तेव्हाच भरते. खेड्यातल्या पुस्तकविक्रीचा हंगाम या हिशेबाने चालत असणार.

जत्रेखेरीज दुसरी वाट टपालाची. व्ही. पी.ची (व्हॅल्यू पेएबल टपालाची) सोय भारतात १८७७ मध्ये सुरू झाली, आणि पुस्तक दारी आल्यावर पोस्टमनला पैसे देण्याची मुभा मिळाल्याने मुंबई-पुण्याचा प्रकाशक आणि खेड्यातला वाचक यांच्यात मधल्या दुकानाची गरज पुष्कळ कमी झाली. आमच्या कपाटांतल्या पुस्तकांच्या मागच्या पानांवर जाहिराती आहेत. त्यांत किमतीपुढे “ट. ह.” म्हणजे टपालहंशील वेगळे दाखवलेले असते. आठ आण्यांच्या पुस्तकाला एक-दीड आणा टपालखर्च म्हणजे पुस्तक किती महाग पडत असेल, याचा हिशेब वाचकाने करावा. ही जाहिरातींची पाने पूर्वी पुनर्बांधणी करताना निरुपयोगी म्हणून फाडून टाकत, आणि मला त्याचे फार वाईट वाटते, कारण कोणत्या वर्षी कोणत्या प्रकाशकाकडे काय आणि किती किमतीला मिळत होते, याचा त्याहून थेट पुरावा दुसरा नाही. काही पुस्तकांवर जांभळ्या शाईचे लंबगोल शिक्केही मिळाले, “बुकसेलर आणि स्टेशनर, उमरावती” अशा वळणाचे. ही दुकाने पाट्या, पेन्सिली आणि शाळेची पुस्तके यांवर जगत असावीत, आणि कथा-कादंबऱ्या त्यासोबत ठेवत असावीत. एका लहान मुलाच्या हातचे नाव असलेल्या क्रमिक पुस्तकावर मला तोच शिक्का पुन्हा दिसला.

छापखान्यांच्या नावांत निर्णयसागर सगळ्यांत जास्त वेळा आले. जावजी दादाजींनी १८६४ मध्ये आधी खिळे पाडण्याचा कारखाना काढला आणि छापखाना १८६९ मध्ये. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या अक्षरांचा ठसा असा स्वच्छ, की आधी पुस्तक दुरूनच ओळखावे आणि मग नाव वाचून खात्री करावी. त्याच्याशेजारी नागपूरच्या आणि वऱ्हाडच्या छोट्या छापखान्यांची कामे ठेवली की जुळणीतली ओढाताण दिसते. जोडाक्षराचा खिळा संपला म्हणून पाय मोडून अक्षर बसवलेले असते, दोन मापांचे टाइप एकाच ओळीत आलेले असतात. तरीही मला या पुस्तकांकडे अधिक लक्ष द्यावेसे वाटले, आणि त्याचे कारण साधे आहे. मुंबई-पुण्याच्या पुस्तकाच्या प्रती इतरत्र असतातच. वऱ्हाड १९०३ पर्यंत हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स म्हणून वेगळे होते आणि नंतर मध्यप्रांताला जोडले गेले, म्हणजे मुंबई इलाख्यात ते कधीच नव्हते. मुंबई सरकारच्या नोंदणीच्या याद्यांत इथले छापील काम येण्याचा प्रश्न नव्हता. त्यामुळे इथे छापलेली एखादी लहान पुस्तिका सूचीबाहेर राहून गेली असेल, तर ती सापडण्याची जागा म्हणजे इथलीच कपाटे.

तशी एक सापडली. नागपुरात छापलेली, ऐंशी-नव्वद पानांची, कवितांची, डेमी अष्टपत्री (डेमी मापाचा ताव तीनदा दुमडून होणाऱ्या) आकाराची. ती दात्यांच्या सूचीत लेखकाच्या नावाखाली मिळाली नाही आणि पुस्तकाच्या नावाखालीही मिळाली नाही. तिच्या शेवटी आश्रयदात्यांची यादी आहे. त्या काळी पुस्तक छापण्याआधी वर्गणीदार गोळा करत आणि त्यांची नावे शेवटी आदराने छापत. या यादीत हुद्दे आणि गावे आहेत: पाटील, देशमुख, हेडमास्तर, वकील, सावकार, एका ठिकाणी दोन भावांची मिळून एक प्रत. गावांत अंजनगाव आहे, मूर्तिजापूर आहे, कारंजा आहे, दर्यापुराच्या आसपासची लहान गावे आहेत, आणि आमचेही गाव आहे. आमच्या गावातून तीन प्रती घेतल्या होत्या. यादीतल्या नावांपैकी एकाची पणती वाचनालयात अभ्यासाला येते. तिला पान दाखवले तेव्हा तिने फोटो काढून घरी पाठवला, आणि संध्याकाळी तिचे आजोबा स्वतः पुस्तक पाहायला आले. त्यांच्या घरची प्रत कधीच गेलेली होती. ते पुस्तक त्यांनी बराच वेळ चाळले, आणि एक कविता मोठ्याने वाचली.

काम पूर्ण झाल्यावर यादी मंडळापुढे ठेवली. त्यात प्रत्येक पुस्तकाचे नाव, लेखक, छापखाना, ठिकाण, मूळ छापील वर्ष आणि त्यापुढे इसवी सन, आकार, पृष्ठसंख्या, किंमत, गहाळ पाने, शिक्के, हस्तलिखित नोंदी आणि सूचीत आढळले की नाही, एवढे रकाने होते. मी निर्लेखनाला सरसकट विरोध केला नाही. १९६० नंतरच्या ज्या पुस्तकांच्या प्रती सहज मिळतात, ती जीर्ण झाली असतील तर जाऊ द्यावीत. मात्र १९५० पूर्वीचे एकही पुस्तक, ते कितीही फाटके असले तरी, बाद करू नये, आणि दुसरी प्रत आहे म्हणून पहिली टाकू नये, कारण दोन प्रतींवरचे शिक्के आणि नोंदी कधीच सारख्या नसतात. यावर सभेत चर्चा झाली. एक सदस्य म्हणाले, की फाटके पुस्तक दाखवून वाचनालयाचा दर्जा वाढत नाही. अध्यक्षांनी आश्रयदात्यांच्या यादीचे पान सगळ्यांना वाचायला दिले आणि मग ठराव मताला टाकला. तो मंजूर झाला. दोन कपाटांपैकी एक अभ्यासिकेतून हलवून मागच्या खोलीत कोरड्या भिंतीशी ठेवले आहे, खाली विटा देऊन, म्हणजे वाळवी सरळ चढणार नाही. दुसरे मुलांच्या टेबलांसाठी मोकळे केले.

बिननावाच्या पुस्तकांपैकी अजून अकरांची ओळख पटायची आहे. त्यांच्या नोंदीत पहिल्या आणि शेवटच्या शाबूत पानाची पहिली ओळ, फर्म्यांचे आकडे आणि टाइपाचे वर्णन लिहिले आहे, आणि ही नोंद आम्ही नागपूर व अमरावतीच्या ग्रंथालयांतल्या परिचितांकडे धाडली आहे. त्याच्या जोडीला आबाजींकडे पोथ्यांवरच्या उरलेल्या मोडी नोंदी वाचायला दिल्या आहेत. ते रोज दुपारी एक पान वाचतात आणि त्या बी. ए.च्या मुलीला मोडीची बाराखडी शिकवतात.